येसाजीबाबांचे साक्षीदार

कुडपणच्या शाळेत मी नऊ वर्षे होतो. निवृत्त होऊन पोलादपूरला स्थायिक झालो त्यालाही आता बारा वर्षे होतील, पण कुडपणची माणसे बाजाराला उतरली की माझ्या ओट्यावर टेकल्याशिवाय परतीच्या गाडीत बसत नाहीत. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला बँकेचा कागद वाचून हवा असतो, कुणाला नुसते पाणी हवे असते. येसाजीबाबा मात्र एकाच कामासाठी येत. काठी भिंतीला टेकवायची, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि जरा थांबून म्हणायचे,

"गुरुजी, जानू गेला."

नाव दर वेळी वेगळे, पण ते ऐकले की मी समजायचो. मृत्युपत्र पुन्हा लिहायचे आहे.

येसाजीबाबांचे वय आज त्र्याऐंशी. अंगाने काटक, उंच, चालताना मान थोडी पुढे. कुडपणचे त्यांचे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले आहे. दगड माळावरून स्वतः फोडून आणले, लाकूड स्वतः तासले, आणि जोत्याचा एक दगड मनासारखा बसला नाही म्हणून अख्खा कोपरा उतरवून पुन्हा चढवला होता, हे गावात अजून सांगतात. गुरांवर त्यांचा जीव. ओटीवर डोळे मिटून बसलेले असले तरी गोठ्याकडे कोणती गाय वळली हे पावलांच्या आवाजावरून सांगतात. आणि एक गोष्ट त्यांच्यात पहिल्यापासून आहे. मोठ्याचा मान. चार माणसे बसली की वयाने मोठा भिंतीला, धाकटा उंबऱ्याकडे. स्वतः ऐंशी ओलांडल्यावरही त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा कुणी आला की ते भिंतीची जागा सोडून सरकत.

या मान देण्याच्या सवयीतूनच सगळे झाले.

पहिले मृत्युपत्र आम्ही शाळेच्या पडवीत लिहिले, दोन हजार सहा साली. ते येसाजीबाबांना सुचले नव्हते, त्यांच्या कारभारणीला, सुंदराबाईंना सुचले होते. "मागाहून सुनीलला कचेरीत हेलपाटे नकोत," असे त्यांचे म्हणणे. सुनील हा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. घर, घराखालची जागा, डोंगरउताराच्या वरकस जमिनीचा तुकडा, सगळे सुनीलला. पाऊण पानात संपले. साक्षीदार म्हणून येसाजीबाबांनी दोघांना बोलावून आणले, चांगू आणि जानू. एक बहात्तर वर्षांचा, एक पंचाहत्तर.

मी म्हटले, "बाबा, जरा तरुण माणसं बघा की."

त्यांना ते आवडले नाही. "पोरांच्या सहीला काय वजन, गुरुजी? चांगू म्हातारा बसला की मग गाव उठत नाय."

त्यांचे म्हणणे कुठून आले होते ते मला ठाऊक होते. वरच्या वाड्यांमध्ये गुरे अर्धेलीने देतात. म्हणजे एकाची कालवड दुसऱ्याने सांभाळायची, आणि पुढे होणारी वासरे दोघांनी वाटून घ्यायची. याचा कागद कुणी करत नाही. चार वडीलधारी माणसे बसतात, सुपारी कातरतात, आणि ती बसलेली माणसे हाच कागद. माणूस जितका वडील तितका शब्द पक्का. त्यातली माणसे वारली की शब्द सैल झाला असे धरतात, आणि पुन्हा नवी माणसे बसवून नवी सुपारी कातरतात. येसाजीबाबांनी हाच हिशोब मृत्युपत्राला लावला. मीही मान डोलावली. एखाद्या वकिलाला विचारावे हे मला तेव्हा सुचले नाही, आणि पुढची कितीतरी वर्षे सुचले नाही.

चांगूला सही येत नव्हती. अंगठा चालेल असे मी सांगितले, पण तो म्हणाला, "येसाजीच्या कागदावर अंगठा नाय देणार." शाळा सुटल्यावर चार दिवस तो माझ्यासमोर पाटी घेऊन बसला. पाचव्या दिवशी त्याने नाव लिहिले. अक्षरे डावीकडून निघाली ती डोंगर उतरावा तशी खाली खाली आली, शेवटचे अक्षर जवळजवळ कागदाच्या काठावर. जानूने मात्र अंगठाच दिला. त्याच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, तीही शाईत उमटली.

चांगू चार वर्षांनी गेला. जानू गेला दोन हजार चौदाला, आणि येसाजीबाबा माझ्या ओट्यावर आले. मधल्या काळात सुंदराबाईही वारल्या होत्या. दुसऱ्या कागदाला त्यांनी भागोजी आणि निवृत्त पोलीस पाटील यांना आणले. दोघेही पंचाहत्तरी ओलांडलेले. ते दोघे सहा वर्षांत गेले. तिसऱ्या कागदाला देवळातले गुरव आणि धोंडीबा. गुरव तेव्हा शहाऐंशीचे होते आणि सही करताना त्यांना दोघांनी धरले होते.

इथवर मी येसाजीबाबांच्या बहिणीबद्दल काही सांगितले नाही. त्यांच्या कागदातही तसेच झाले होते.

जानकीबाई त्यांच्याहून सात वर्षांनी धाकट्या. लग्न होऊन रायगडाच्या पायथ्याकडे दिल्या होत्या. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी एक गाठोडे घेऊन त्या भावाच्या दारात आल्या. त्याला आता एकोणपन्नास वर्षे झाली. सुंदराबाई होत्या तोवर गोठा जानकीबाईंकडे होता, त्या गेल्यावर चूलही आली. सुनीलला त्यांनीच खांद्यावर वाढवला. जीभ तिखट. माझ्यासारख्या मास्तरालाही, "गुरुजी, तुमच्या शाळेत पोरांना उंबऱ्याबाहेर चपला काढायला शिकवत नाय काय?" असे ऐकवायला कमी करत नसत. पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'आमचं घर' हा शब्द मी ऐकला नव्हता. कुणी पत्ता विचारला तरी म्हणत, "दादाचं घर काय, ते वडाच्या पलीकडं."

पहिल्या मृत्युपत्रात त्यांचे नाव नव्हते. मी विचारले होते. येसाजीबाबांना प्रश्नच कळला नाही. "तिचं काय लिवायचं? ती हायच."

दुसऱ्यात त्यांनी आपणहून सांगितले, "जानकीला दोन गाई लिवा." तिसऱ्यात, "तिला मागची खोली असू दे, ती जगंल तोवर." दर वेळी एखादी ओळ वाढत होती. सुंदराबाई गेल्यापासून बहीण-भाऊ समोरासमोर बसून जेवायला लागले होते, त्यातून त्या ओळी येत असाव्यात.

गेल्या हिवाळ्यात येसाजीबाबा आले. काठी, टोपी, सगळे नेहमीसारखे.

"गुरुजी, धोंडीबा गेला. आता दोघंबी गेले."

"गुरव कधी गेले?"

"ते तर चवथीलाच. तुमाला सांगायचं ऱ्हायलं." मग म्हणाले, "ह्या वेळी जानकीचं पक्कं लिवायचं. खुंटीवरचं गाठोडं उतरवायचं हाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितले.

सुनील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, तीन पाळ्यांत. बायको पूनमसह महाडला भाड्याच्या खोलीत राहतो. सुट्टीला घरी आला तेव्हा त्याने ओटीवर बसून एक बेत मांडला. कुडपणला आता थंड हवेसाठी, धबधब्यासाठी गाड्या भरून माणसे येतात. घराच्या चार खोल्या नीट केल्या तर पाहुण्यांना उतरायला देता येतील. आणि आत्याला महाडला आपल्याकडे नेऊ. "बाबांच्या मागं तिला इथं एकटीला कोण बघणार?" असे तो म्हणाला. वाईट काहीच बोलला नाही. आत जानकीबाई ताक घुसळत होत्या. रवीचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजीबाबांना ओटीच्या खुंटीवर एक गाठोडे टांगलेले दिसले. त्यात दोन लुगडी, एक चादर, एक पितळी तांब्या.

"विचारलं, हे काय गो? तर म्हणाली, काय नाय. हाताशी असावं." येसाजीबाबांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त टोपीची कड ते सारखी चिमटीत धरत होते. "गुरुजी, ती खुंटी माझ्या टोपीची हाय. रोज सकाळी टोपी घ्यायला जातो, आणि तिथं ते."

मी म्हटले, "लिहू. आजच लिहू. साक्षीदार कोण?"

तिथे गाडी अडली होती. साक्षीदार मिळत नव्हते. सहा माणसांनी सह्या केल्या आणि सहाही गेली, हे गावाने मोजले होते. येसाजीच्या कागदावर सही केली की बोलावणे येते, असे कुणीतरी पाणवठ्यावर बोलले आणि ते सगळ्या वाड्यांत पोहोचले. ती माणसे सही करतानाच कोणत्या वयाची होती, याचा विचार कुणी केला नाही. भावकीतला एकजण येसाजीबाबांना येताना बघून गोठ्यामागे गेला. दुसऱ्याची बायको दारातच म्हणाली, "त्यांना सही येत नाय." तो ग्रामपंचायतीचा सदस्य होता. तिसरा प्रामाणिक निघाला. "बाबा, पोरीचं लगीन उरकू द्या. मग करतो, खरंच करतो."

"मग मी करतो सही," मी म्हणालो.

येसाजीबाबांनी माझ्या छातीकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली आहे. "तुमच्या छातीत ती स्प्रिंग घातलीया. तुमाला नाय घालायचा ह्यात. मग पुढचा कागद लिवणार कोण?"

म्हणजे त्यांचाही थोडा विश्वास बसला होता.

शेवटी मी त्यांना घेऊन महाडला गेलो. निशाताई नावाच्या एक वकील आहेत, तिशी-पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. मी सगळी हकिगत सांगितली. दोन्ही साक्षीदार गेले की मृत्युपत्र मेले, म्हणून दर वेळी नवे, असे मी म्हणालो आणि त्यांनी पेन खाली ठेवले.

"गुरुजी, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितले नव्हते.

"साक्षीदार गेला म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. पण उद्या कुणी शंका घेतली, तर 'यांनी माझ्यासमोर सही केली' असं सांगायला साक्षीदार असलेला बरा. म्हणून तो असा निवडायचा की जो तुमच्या मागे राहील." मग त्या येसाजीबाबांकडे वळल्या. "बाबा, तुम्ही सगळे तुमच्याहून मोठे शोधलेत. आता चाळीस वर्षांनी लहान शोधा. ज्याला कागदातून काही मिळणार नाही असा."

येसाजीबाबा म्हणाले, "म्हणजे मी उगीचच इतक्यांना..."

"तुम्ही कुणाला काही केलं नाही हो," निशाताई हसल्या. "शहाऐंशीव्या वर्षी सही केलेला माणूस तुमच्या कागदामुळे जातो का?"

नव्या कागदात काय लिहायचे ते त्यांनी नीट विचारून घेतले. मग म्हणाल्या, "आणि आधीचे तीन कुठे आहेत?"

"हायत. डब्यात."

"तिन्ही? सह्यांसकट?" त्यांच्या कपाळावर आठी आली. "नव्या कागदात आधीचे सगळे रद्द असं आपण लिहूच. तरी ते ठेवू नका. पहिल्यात तर बहिणीचं नावच नाही. उद्या कुणाच्या हाताला नेमका तोच लागला तर विनाकारण वाद. तुम्ही स्वतः फाडा, नाहीतर तुमच्यासमोर, तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी फाडू दे, जाळू दे. पण राहायला नकोत."

येसाजीबाबांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. आम्ही महाडहून पोलादपूरला उतरलो. मला त्यांना तसे सोडवेना, म्हणून मीही त्यांच्यासोबत कुडपणच्या गाडीत बसलो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर ते म्हणाले,

"चांगूनं जन्मात एकदाच सही केली, गुरुजी."

"हो. मीच शिकवली."

"त्याचा फोटो नाय कुणाकडं. जानूचा पण नाय. पोरांनी विचारलं, आजा कसा हुता, तर दाखवायला काय हाय? तो अंगठा हाय, विळा लागलेला." जरा वेळाने म्हणाले, "ते मी कसं जाळू?"

तिकीट द्यायला कंडक्टर उभा होता. नागसेन. खालच्या बौद्धवाडीतला, तिशीचा, हाही माझ्याच हाताखालून गेलेला. कंडक्टरला सगळ्यांचे सगळे ऐकू येते.

"बाबा, साक्षीदार पाहिजे म्हणतात तो मी चालेन का?"

"तुला म्हाईत हाय का, लोक काय बोलतात ते?"

"म्हाईत हाय की. रोज दोनदा ह्या घाटात चढतो-उतरतो, ह्या गाडीत. त्यात तुमच्या कागदाचं काय भ्या?"

मागच्या बाकावर बसलेली माणसे हसली. ड्रायव्हरने आरशातून पाहिले.

"तुझी आई काय म्हणंल?" येसाजीबाबांनी विचारले.

"म्हणेल, सही नीट अक्षरात कर."

दुसरी साक्षीदार त्यांनी स्वतःच शोधली. उपकेंद्रात गौतमी नावाची नर्स आहे, महाडची, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. दर महिन्याला येसाजीबाबांचे बीपी तपासून वहीत लिहिते. त्यांनी भीत भीत विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या बीपीच्या प्रत्येक आकड्याखाली माझी सही आहे. तिनं कुणाला काही झालं असतं तर सगळ्यात आधी तुम्हाला झालं असतं."

भावकीतल्या त्या गोठ्यामागच्या माणसाला हे कळले तेव्हा तो घरी आला. "येसाजीदादा, आपल्या भावकीत कुणी उरलं नाय काय?"

"हुतं की," येसाजीबाबा म्हणाले. "गोठ्यामागं हुतं. ढोरांनी सांगितलं मला."

ठरलेल्या दिवशी मी सकाळच्या गाडीने वर गेलो. सुनीललाही त्यांनी बोलावून घेतले होते. चोरून काही करायचे नाही, हा त्यांचा हट्ट. सुनील रात्रपाळी करून तसाच मोटारसायकलवर आला होता, डोळे लाल. ओटीवर घोंगडी पसरली होती. आणि येसाजीबाबांनी नागसेन आणि गौतमीला भिंतीकडे बसवले. वडीलधाऱ्यांच्या जागेवर. स्वतः उंबऱ्याकडे बसले. गौतमी उठायला लागली तर म्हणाले, "बस गो बाय. साक्षीदार भिंतीलाच बसतो." मग अडकित्ता काढून सुपारी कातरली.

"बाबा, मी सुपारी खात नाही," गौतमी म्हणाली.

"खाऊ नको. हातात धर."

मी कागद वाचायला घेतला. घराची पूर्वेची अर्धी बाजू, चूल, परसातला फणस, विहिरीची वाट आणि गोठ्यातल्या दोन गाई जानकीबाईंच्या, त्यांच्या हयातीपर्यंत, हक्काने. तिथून त्यांना कुणी उठवू नये. त्यांच्यानंतर ते सुनीलचे. बाकीचे सगळे पहिल्यापासून सुनीलचेच. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

जानकीबाई आतल्या दाराच्या आडोशाला उभ्या होत्या. खुंटीवर गाठोडे तसेच होते.

सुनील म्हणाला, "बाबा, मी काय आत्याला उठवणार होतो?"

"नाय. तू नेणार हुतास."

"मग? चांगल्यासाठीच ना!"

"चांगल्यासाठीच. पण उठवलं काय आणि नेलं काय, तिला एकच. ती एकदा एका घरातनं निघाली हाय. पुन्हा नाय निघायची."

लहानपणी गणित चुकले की सुनील जसा पाटीकडे बघत बसायचा तसा घोंगडीकडे बघत राहिला. मग उठून दाराशी गेला.

"आत्या, मला सांगायचं तरी. मी परका हाय काय?"

"तू विचारलंस कुठं?" आतून आवाज आला. "पावण्यांना खोल्या देतो म्हणालास, माझ्या गाईंना नेऊन कुठं बांधणार ते बोललास? महाडच्या जिन्यात?"

नागसेनला हसू आवरेना. सुनीललाही आवरले नाही. "मग पावणे ठेवायचे का नाय?"

"ठेव की. तुझ्या बाजूला ठेव. भाकऱ्या थापीन. पण माझ्या चुलीशी कुणी यायचं नाय."

माझी चूल, असे त्या म्हणाल्या. येसाजीबाबांनी माझ्याकडे पाहिले आणि पटकन कागद पुढे ओढून सही केली. मग नागसेनने केली, खरोखरच नीट अक्षरात, आणि गौतमीने केली. पुढच्या आठवड्यात हे सगळे रजिस्टर कचेरीत जाऊन नोंदवूनही आले, पण येसाजीबाबांच्या मते काम त्या दिवशीच झाले होते, सुपारीला.

साक्षीदार कामाला निघून गेल्यावर येसाजीबाबा माळ्यावरून डबा घेऊन आले. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तीन कागद त्यांनी घोंगडीवर ओळीने ठेवले. चांगूची डोंगर उतरणारी सही. जानूचा अंगठा. भागोजीची मोडीसारखी लफ्फेदार. पोलीस पाटलाची, खाली दोन रेघा ओढलेली. गुरवांची, दोघांनी हात धरून केलेली. धोंडीबाची.

"वकीलबाई म्हणाल्या ऱ्हायला नकोत," ते म्हणाले, पण कागद उचलेनात.

मी शिक्षक माणूस. पोरांच्या वह्या, तक्ते, नकाशे कापण्यात माझा जन्म गेला. म्हटले, "बाबा, कात्री आहे का घरात?"

त्यांना लगेच कळले. त्यांनीच उठून जानकीबाईंची कात्री आणली. "कापा, गुरुजी. मी सांगतोय, कापा." वकीलबाईंनी सांगितलेले ते विसरले नव्हते.

प्रत्येक कागदाचा खालचा भाग, जिथे साक्षीदारांच्या सह्या होत्या, तेवढी पट्टी मी कापून काढली. तीन पट्ट्या. त्या त्यांनी पुन्हा डब्यात ठेवल्या. उरलेले कागद हातात घेऊन ते चुलीशी गेले. मागोमाग मी आणि सुनील. जानकीबाईंनी चहाचे आधण ठेवले होते.

"जानके, हे जाळ. मी सांगतोय."

जानकीबाईंनी तिन्ही कागद घेतले. त्यांना वाचता येत नाही. मला विचारले, "ह्यातल्या कशात माझं नाव नाय?"

मी पहिला कागद दाखवला.

"मग हा आधी," त्या म्हणाल्या, आणि तो घडी घालून लाकडाखाली सारला. चांगला कोरडा होता, लगेच पेटला. दुसरा आणि तिसरा त्यांनी जरा हातात धरून मग घातले. चहा त्या दिवशी अंमळ गोड झाला होता.

निघताना ओटीवर आलो. येसाजीबाबा टोपी घ्यायला खुंटीकडे गेले आणि तिथेच घुटमळले. खुंटीवर फक्त टोपी होती. गाठोडे कधी उतरवले ते आमच्यापैकी कुणीही पाहिले नव्हते.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी ते पुन्हा आले. काठी भिंतीला टेकवली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जरा थांबले.

"गुरुजी, नागसेनचं लगीन ठरलं."

"अहो, मग तोंड असं काय करून बसलात?"

"जानकी म्हणते, आहेर म्हणून तिच्या गाईची कालवड द्यायची. त्याच्या आईकडं गोठा हाय. मी म्हटलं, अगो, अजून मी जित्ता हाय. कागद माझ्यामागून लागू होतो. तर म्हणते, गाय माझीच हाय, गावाला विचार." त्यांनी टोपी फिरवली. "आता कालवड दिली तर कागद बदलावा लागंल काय?"

माझ्याकडे एक प्रत असते. मी चष्मा लावून ती काढली आणि शेवटपर्यंत वाचली. दोन गाईंचा उल्लेख होता. कालवडीचा नव्हता.

"देऊ द्या त्यांना," मी म्हणालो.

"मग बरं झालं," येसाजीबाबा म्हणाले, आणि पाणी प्यायला आत आले.